हायस्कूलच्या मुलांना इंजिनिअरिंग हाताने शिकवायचंय? पहिल्या मोजमापापासून दुसऱ्या मॉडेलपर्यंत

रोबोटचं किट आणायचं, पुस्तिकेतल्या चित्रांप्रमाणे स्क्रू लावायचे, गाडी चालली की टाळ्या आणि फोटो. बऱ्याच ठिकाणी प्रॅक्टिकल इंजिनिअरिंग म्हणून एवढंच चालतं. त्यातून मुलांचा हात थोडाफार बसतो हे खरंय, पण अख्ख्या किटमध्ये मुलांनी स्वतः घेतलेला एकही निर्णय नसतो. पट्टी किती जाड हवी, मोटर कुठली लावायची, वजन पुढे ठेवायचं की मागे, हे सगळं किट बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं आणि खरं इंजिनिअरिंग तर हे ठरवण्यातच असतं. माझं मत स्पष्ट आहे, मुलं सगळ्यात जास्त शिकतात ती पहिलं मॉडेल फसल्यावर. ते का फसलं हे शोधून दुसरं करायला बसतात तेव्हा. म्हणून खालच्या सगळ्या स्टेप्स त्या दुसऱ्या मॉडेलपर्यंत पोचण्यासाठी आहेत, वेळही तसाच वाटलाय.

१४ ते १८ वयाची मुलं डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. आठवड्यातून एकदा दोन तास, असे बारा आठवडे धरा. शिक्षक चालवू शकतात, पालक चालवू शकतात, इंजिनिअरिंग शिकणारे सीनियर विद्यार्थी तर उत्तम चालवतात.

स्टेप १: टीम तिघांची

दोघांची टीम असली आणि एक जण आला नाही की काम अडतं, पाच जणांची असली की दोघं नुसते बघत बसतात. तीन बरोबर पडतात. एकाच्या हातात टूल, एकाच्या हातात मोजमाप, एकाच्या हातात वही, आणि दर सेशनला हे बदलायचं म्हणजे बदलायचंच. हा नियम सैल सोडला की पहिल्याच आठवड्यात ठरून जातं की स्क्रू ड्रायव्हर कोणाकडे राहणार आणि "अक्षर चांगलंय म्हणून तू लिही" कोणाला सांगितलं जाणार, आणि हे बहुतेक वेळा मुलींच्या आणि अबोल मुलांच्या वाट्याला येतं. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो, पण बारा आठवड्यांनी त्या मुलीने एकदाही ड्रिल धरलेलं नसतं. फळ्यावर तक्ता लावा आणि त्याप्रमाणेच चाला.

स्टेप २: जागा, टूल्स आणि सेफ्टी

सुरुवातीला फार काही लागत नाही. भक्कम टेबल, फूटपट्ट्या, एक-दोन व्हर्निअर कॅलिपर, गुण्या, कटर आणि खाली ठेवायला कटिंग मॅट, छोटी करवत, कानस, पक्कड, स्क्रू ड्रायव्हरचा सेट, कमी तापमानाची ग्लू गन, दोन मल्टिमीटर, स्प्रिंग बॅलन्स आणि भरपूर पुठ्ठा, कागद, टेप, दोरा. थ्रीडी प्रिंटर नसला म्हणून काही अडत नाही. उलट पुठ्ठ्यावर दहा मिनिटांत आयडिया चुकीची आहे हे कळतं, प्रिंटरवर तेच कळायला चार तास जातात.

सेफ्टीचे नियम थोडेच ठेवा पण त्यात सूट नको. कापताना, ड्रिल करताना, काहीही ताणून तोडताना गॉगल घालायचा. केस बांधलेले, ओढणी-बाह्या आवरलेल्या. ड्रिल किंवा कुठलंही फिरणारं मशीन चालवताना हातमोजे घालायचे नाहीत, हे बऱ्याच मोठ्या माणसांनाही माहीत नसतं, हातमोजा बिटमध्ये अडकला की हात आत ओढला जातो. भोक पाडायचा तुकडा क्लॅम्पमध्ये धरायचा, हातात नाही. घरातल्या प्लगची वीज मुलांच्या कुठल्याच सर्किटला वापरायची नाही, सगळी सर्किट सेलवर. आणि सुरुवातीला लिथियम पॅकपेक्षा साधे पेन्सिल सेल बरे, कारण शॉर्ट सर्किट होणारच आहे, लिथियम सेल शॉर्ट झाला तर आग लागू शकते.

सोल्डरिंगची, म्हणजे वितळवलेल्या धातूने वायरी पक्क्या जोडण्याची घाई करू नका, आधी ब्रेडबोर्डवर (भोकांत वायरी खोचून सर्किट जोडायचा बोर्ड) सर्किट चालायला लागू दे, मग घ्या. आयर्नचं टोक साधारण ३५० अंश सेल्सिअसला असतं, त्यामुळे स्टँड हवाच, खिडकी उघडी हवी आणि शिसं असलेलं सोल्डर असेल तर काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे.

स्टेप ३: पहिलं सेशन फक्त मोजण्याचं

मुलं काहीतरी बनवायला आलेली असतात त्यामुळे थोडी हिरमुसतात, पण हे सेशन टाळू नका. एकच लाकडी ठोकळा सगळ्यांना मोजायला द्या, प्रत्येकाने आकडा कागदावर लिहून झाकून ठेवायचा, मग सगळे आकडे फळ्यावर. सगळे सारखे येत नाहीत. कोणी पट्टीच्या कडेपासून मोजलेलं असतं, कोणी शून्याच्या रेघेपासून, कोणी तिरकं बघितलेलं असतं. "मग खरं माप कुठलं?" हा प्रश्न विचारा आणि त्यांना भांडू द्या. एरर म्हणजे काय हे त्या वादात जेवढं कळतं तेवढं व्याख्या पाठ करून कळत नाही.

मग युनिटचा विषय काढा आणि मार्स क्लायमेट ऑर्बिटरची हकीकत सांगा. १९९९ साली हे यान मंगळापाशी पोचून नष्ट झालं कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स सेकंदात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. त्या दिवसापासून वहीत युनिट नसलेला आकडा मान्य नाही असं जाहीर करून टाका.

उरलेल्या वेळात फूटपट्टीचा प्रयोग करा, हा माझा सगळ्यात लाडका. प्लास्टिकची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर १० सेंटीमीटर काढायची, टेबलावरचा भाग घट्ट दाबून धरायचा आणि टोकाला छोटं वजन लटकवायचं. टोक किती मिलिमीटर खाली आलं ते मोजायचं. आता तीच पट्टी २० सेंटीमीटर बाहेर काढली तर टोक किती खाली येईल? आधी अंदाज लिहायचा, मग करून बघायचं. बहुतेक जण दुप्पट लिहितात, काही हुशार मुलं चौपट लिहितात. येतं साधारण आठपट, कारण झुकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. मग पट्टी उभी धरा, म्हणजे कडेवर. ३० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पट्टी असेल तर उभी धरल्यावर ती आडवीच्या १०० पट ताठ असते. प्लास्टिक तेच, वजन तेच, फक्त धरायची दिशा बदलली. छताच्या तुळया उभ्या का ठेवतात हे मग सांगावं लागत नाही, मुलंच वर बघून बोलायला लागतात.

स्टेप ४: कागदाचे खांब, आणि तोडण्याआधी अंदाज

दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला कागद. एक कागद, थोडी टेप, आणि त्याच्या खांबाने जास्तीत जास्त वजन पेलायचं. वजन हळूहळू वाढवायचं, एकदम टाकायचं नाही, आणि प्रत्येक चाचणीआधी वहीत आकडा लिहायचा की हा किती वजनाला मोडेल आणि कुठे मोडेल. हा "कुठे" फार महत्त्वाचा आहे. नुसतं मोडलं म्हणून सोडून देऊ नका, मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि मधून वाकला की टोकाला चुरगळला ते बघा.

लांब बारीक नळी मधून वाकते, याला बकलिंग म्हणतात आणि याचं गणित ऑयलरने अठराव्या शतकातच मांडून ठेवलंय. त्या गणिताप्रमाणे लांबी अर्धी केली की पेलण्याची ताकद चौपट व्हायला पाहिजे. मुलांना हे सांगा आणि करून बघायला लावा. बहुतेक वेळा चौपट येत नाही, कमीच येतं. इथे तुम्ही उत्तर देऊन टाकू नका. व्हिडिओ बघितला की त्यांनाच दिसतं की आखूड नळी वाकतच नाहीये, तिचं टोक आधी चुरगळतंय, म्हणजे मोडण्याची पद्धतच बदलली. मग कोणीतरी टोकाला टेपचं कडं लावतं, आकडा वर जातो आणि त्या टीमच्या डोक्यात एक गोष्ट कायमची बसते की आधी कुठे मोडतंय ते बघायचं, मग तेवढाच भाग मजबूत करायचा. सगळीकडे टेप गुंडाळणाऱ्या टीमला टेप कमी पडते, ती त्यांना मिळालेली आहे तेवढीच द्या, वाढवून देऊ नका.

खांबांनंतर पूल आणि ट्रस, म्हणजे पट्ट्यांच्या त्रिकोणांचा सांगाडा. चार पट्ट्यांचा चौकोन स्क्रूने जोडून ढकलायला द्या, तो लगेच तिरका होतो, एक तिरकी पट्टी लावली की हलत नाही. यावर जास्त बोलायची गरज नाही.

इथेच एक खरी दुर्घटना समजावून सांगा. १७ जुलै १९८१ ला अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलमधले लॉबीवर लटकवलेले पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ डिझाइनमध्ये छतापासून खालपर्यंत एकच लांब रॉड होता आणि वरचा, खालचा दोन्ही पूल त्याच रॉडवर वेगवेगळ्या नटांवर टेकलेले होते. नंतर सोयीसाठी एका रॉडचे दोन केले, त्यामुळे खालचा पूल छताऐवजी वरच्या पुलाच्या तुळईला लटकला आणि वरच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. हे तोंडी सांगून कळत नाही, करून दाखवा. पुठ्ठ्याच्या पट्टीला भोक पाडून दोऱ्याची गाठ तिच्याखाली अडकवायची, दोन्ही वजनं एकाच दोऱ्यावर आपापल्या गाठीने लावायची, मग दुसरं वजन वरच्या पट्टीला बांधायचं आणि वजनं वाढवत न्यायची. दुसऱ्या रचनेत वरची गाठ पुठ्ठा फाडून लवकर निसटते. कागदावर किरकोळ वाटणारा बदल काय करू शकतो हे मुलांनी या वयात बघायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

स्टेप ५: वीज, आधी मल्टिमीटर

ब्रेडबोर्ड द्यायच्या आधी मल्टिमीटर द्या. बीप वाजणाऱ्या मोडवर टाकून ब्रेडबोर्डची कुठली भोकं आतून जोडलेली आहेत ते मुलांनाच शोधू द्या. पाच-पाच भोकांचे गट सापडतात, कडेच्या लांब पट्ट्या सापडतात, आणि काही बोर्डांवर त्या लांब पट्ट्या मध्येच तुटलेल्या असतात तेही कळतं. हे आधी कळलं की पुढचे कितीतरी तास वाचतात.

मग एलईडी. रेझिस्टर किती लावायचा हे सांगू नका, काढायला लावा. सप्लाय ५ व्होल्ट, लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरले ३. करंट १५ मिलिअँपिअर हवाय, तर ३ भागिले ०.०१५ म्हणजे २०० ओहम, जवळचा मिळणारा २२०. तोच रेझिस्टर ठेवून निळा एलईडी लावला तर करंट मोजा, कमी भरतो, कारण निळ्यावर ३ व्होल्टच्या आसपास पडतात. शाळेत पाठ केलेला ओहमचा नियम इथे पहिल्यांदा कामाला येतो आणि मुलांच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

त्यानंतर अर्दुइनो किंवा मायक्रोबिट, म्हणजे प्रोग्राम टाकता येणारे छोटे बोर्ड, जे असेल ते. अर्दुइनो २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेया गावात डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठीच बनवला गेला, त्यामुळे नवख्यांना तो मानवतो. एक गोष्ट मात्र आधीच ठासून सांगा, बोर्डाची पिन मोटर चालवण्यासाठी नसते. अर्दुइनो ऊनो आर३ च्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंत घेणं ठीक, छोटी मोटर त्याच्या कितीतरी पट मागते. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर किंवा मोटर ड्रायव्हर, आणि ट्रान्झिस्टर वापरत असाल तर मोटरला उलटा डायोड लावायचा, नाहीतर मोटर बंद होताना येणाऱ्या झटक्याने ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

आता असा एक फॉल्ट जो जवळपास प्रत्येक टीमला येतो. गाडी टेबलावर उचलून धरली की चाकं मस्त फिरतात, जमिनीवर ठेवली की बोर्ड रिसेट होतो आणि प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो. मुलं लगेच कोड बदलायला बसतात. थांबवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: मोटरची वायर काढा, रिसेट थांबला का? थांबला, मग कोडवरचा संशय बऱ्यापैकी गेला. चाक हवेत ठेवा, थांबला का? म्हणजे लोड वाढला की होतंय. मोटर सुरू होताना चालू मोटरच्या कितीतरी पट करंट ओढते, सेलचा व्होल्टेज खाली बसतो आणि बोर्डाला पुरत नाही. त्यात पॉवर चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीची असेल तर विचारूच नका, ती बॅटरी स्मोक अलार्मसारख्या कमी करंटच्या कामासाठी चांगली, मोटरसाठी नाही. मोटरला चार पेन्सिल सेलचा वेगळा पॅक द्या, बोर्डाला वेगळी पॉवर, आणि दोन्हीचे ग्राउंड, म्हणजे मायनसच्या बाजू, एकत्र जोडा. ग्राउंड जोडायचं विसरलं की सिग्नल पोचत नाही, मग पुन्हा शोध सुरू. पण हा शोध त्यांनाच करू द्या, अर्धा तास गेला तरी चालेल.

स्टेप ६: कोड थोडाच, पण आधी कच्चे आकडे बघा

सेन्सर लावला की लगेच "जर इतकं तर तितकं" लिहायचं नाही. आधी सेन्सर काय आकडे देतोय ते स्क्रीनवर बघायचे आणि वहीत लिहायचे. अल्ट्रासॉनिक सेन्सर घ्या, तो कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतो. आवाज २० अंश तापमानाला सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, जाऊन परत येतो म्हणून अंतर निम्मं. भिंत २० सेंटीमीटरवर असेल तर सुमारे ११६६ मायक्रोसेकंद यायला हवेत. टेपने वेगवेगळी अंतरं मोजून आलेख काढा, मग भिंत तिरकी करा, समोर मऊ कापड धरा आणि आकडे कसे वेडेवाकडे होतात ते बघा. ज्या टीमने हे केलंय तिची गाडी पडद्यावर आदळली तर ती टीम सेन्सर खराब आहे म्हणत नाही.

स्टेप ७: प्रोजेक्ट, पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून

विषय मुलांनी निवडायचा, पण माणूस ठरलेला हवा. "समाजासाठी स्मार्ट डस्टबिन" नको, "संधिवातामुळे आजीला बाटलीचं झाकण उघडत नाही" हवं. मग त्या माणसाशी जाऊन बोलायचं, आजी असेल तर तिचा हात कसा वळतो ते बघायचं, जोर किती लागतो तो स्प्रिंग बॅलन्सने मोजायचा.

त्यानंतर एक पानाचा स्पेक, म्हणजे वस्तूने काय काय करायलाच हवं याची यादी. त्यात आकडे पाहिजेत. "हलकं आणि मजबूत" याला काही अर्थ नाही, "२०० ग्रॅमपेक्षा कमी, एका हाताने वापरता येईल, ५० वेळा वापरून तुटणार नाही" याला आहे, कारण ते तपासता येतं. स्पेकवर टीमच्या सह्या घ्या. नंतर बदलायचा असेल तर बदलू दे, फक्त का बदलला ते तारखेसकट लिहायचं.

आयडिया किमान तीन, प्रत्येकीचं हाताने काढलेलं चित्र. पहिल्याच आयडियाला धरून बसायची सवय मोठ्यांनाही असते. तिन्हींचं पुठ्ठ्याचं मॉडेल एकाच सेशनमध्ये, मग एक निवडा. गिअर लागत असेल तर गणित आधी करा, १० दात्यांचं चाक ४० दात्यांच्या चाकाला फिरवत असेल तर वेग पाव होतो आणि जोर घर्षण सोडलं तर चौपट मिळतो, फुकट काही मिळत नाही. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा, थरांच्या जोडावर पार्ट सगळ्यात कच्चा असतो त्यामुळे कुठल्या दिशेने प्रिंट करायचा हा डिझाइनचाच भाग आहे, आणि एकात एक बसणाऱ्या भागांमध्ये ०.२ ते ०.४ मिलिमीटर जागा सोडा.

पहिलं चालतं-फिरतं मॉडेल आठव्या आठवड्याच्या शेवटी झालंच पाहिजे, दिसायला कसंही असो. रंग, स्टिकर, नाव काही नको. नववा आठवडा पूर्ण चाचणीचा. स्पेकमधल्या प्रत्येक ओळीची चाचणी, आणि शक्यतो ज्या माणसासाठी बनवलंय त्याच्या हातात देऊन, बाजूला उभं राहून, एक शब्द न बोलता. "असं धरा" म्हणायचा मोह आवरत नाही मुलांना, पण जिथे सांगावंसं वाटलं तिथे डिझाइन कमी पडलंय, ते वहीत लिहायचं. दहावा आणि अकरावा आठवडा दुसऱ्या मॉडेलचा. बहुतेक कोर्स इथेच गंडतात, पहिलं मॉडेल शेवटच्या आठवड्यापर्यंत ओढत नेतात आणि मग सुधारायला वेळच नसतो. उशीर होतोय असं दिसलं तर पहिल्या मॉडेलमधले फीचर कापा, दुसऱ्या मॉडेलचे आठवडे कापू नका.

वहीबद्दल

प्रत्येक टीमची एक बांधीव वही, पेनने लिहायचं, पान फाडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारायची. तारीख, चित्र, आकडा, अंदाज, काय झालं, आता काय बदलणार. शुद्धलेखनाला हात लावू नका. सेशन संपायच्या आधीची दहा मिनिटं फक्त वहीसाठी, घरी जाऊन लिहितो म्हटलं की लिहिलं जात नाही.

तुमचे हात खिशात

सगळ्यात अवघड हेच. मुलगा स्क्रू वाकडा लावतोय हे दिसत असतं आणि आपला हात आपोआप पुढे जातो. इजा होणार असेल तरच मध्ये पडा. बाकी वेळी प्रश्न: काय व्हायला पाहिजे होतं? काय होतंय? शेवटचं कधी चाललं होतं आणि त्यानंतर काय बदललं? मोजलंस का? या चार प्रश्नांवर बहुतेक फॉल्ट सापडतात. तुम्हाला उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा आणि त्यांच्याबरोबर मोजायला बसा, मुलांना त्याचा आधारच वाटतो.

मार्क द्यायचेच असतील तर

चाललं की नाही यावर अजिबात देऊ नका, नाहीतर मुलं सोपं आणि सेफ काहीतरी उचलतात. अंदाज आधी लिहिला होता का, चाचणी नीट केली का, पहिल्या आणि दुसऱ्या मॉडेलमधला बदल कुठल्या मोजमापावरून केला, एवढ्यावर द्या. न चालणारं दुसरं मॉडेल, पण का चालत नाही हे आकड्यांनी दाखवलेलं, याला भरघोस मार्क मिळाले पाहिजेत.

बारावा आठवडा

दाखवण्याच्या दिवशी टेबलावर पहिलं मॉडेल आधी ठेवायला लावा, जिथे मोडलं तो भाग दिसेल असं, शेजारी दुसरं मॉडेल आणि मध्ये वही उघडी. स्लाइड नको. बघायला येणाऱ्यांना दारातच सांगा की "हे काय करतं" याऐवजी "हे का बदललं" विचारा, मुलं यावर थांबत नाहीत बोलायची. ज्या माणसासाठी वस्तू बनवली त्याला बोलवा आणि चालणारी असेल तर त्यालाच देऊन टाका. बाकीचे पार्ट सोडवून, मोटर, बोर्ड, स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत मोजून ठेवायचं काम मुलांकडूनच करून घ्या, आणि सगळे सेल बाहेर काढा, आत राहिले तर गळतात आणि पुढच्या बॅचला होल्डरचे गंजलेले कॉन्टॅक्ट घासत बसावं लागतं.